खंडेनवमीचा कच्चा पाटा

श्रीविश्वकर्म्याच्या चरणी मस्तक ठेवून गतवर्षीच्या खंडेनवमीची हकीकत लिहीत आहे. त्या दिवशीच्या माझ्या घाईने एका लोहाराचा उजवा हात जायबंदी केला.

कात्रजला ट्रकचे कमानपाटे घडवणारा तो लोहार माझा यजमान. हत्यारांच्या पूजेला मी पोहोचलो तेव्हा तो लालभडक पोलादावर घण आदळत होता. पाटा वाकवून त्याने तेलात खुपसला. तेल किंचाळले, ज्वाळा उसळल्या.

"भट्टी विझवा आता," मी म्हणालो. पूजेआधी भट्टी थंड करायची, ही त्यांच्या घरची रीत.

"गुरुजी, पाटा शेकायचा ऱ्हायलाय. कच्चा हाय अजून."

"अहो, पोलाद कुठे पळून जातंय? मुहूर्त मात्र जातोय."

त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतले. तो पाटा तयार पाट्यांशेजारी मांडला गेला आणि मीच सर्वांना हळदकुंकू वाहिले.

एकादशीला मी पूजेची भांडी न्यायला गेलो. कुंकू लागलेले सारे पाटे तयारच, अशा समजुतीने तो एकेक पाटा दाबयंत्राखाली घालून पारखत होता. पाटे वाकत, दाब काढताच पूर्ववत होत. तो कच्चा पाटा वाकलाच नाही. तोफ डागावी तसा फुटला. एक तुकडा त्याचा पंजा फाडून पत्र्याच्या भिंतीत घुसला. त्याच्या गुरासारख्या हंबरड्याने शेड हादरली. मी उपरणे आवळून बांधले. तेही क्षणात रक्ताने थबथबले.

रुग्णालयात त्याची धातुशास्त्र शिकणारी मुलगी माझ्यावर कडाडली, "तेलात बुडवलं की पोलादातले कण जागच्या जागी अडकतात, गुरुजी. ताण आत कोंडतो. मंद आचेवर शेकलं की मांडणी जराशी सैलावते, मग पाटा वाकूनही मूळ आकारात येतो. हे तुमच्या मंत्रांनी होत नाही!"



त्याची दोन बोटे कापावी लागली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा." वेदनेने दात करकरा चावत त्याने उरलेली तीन बोटे मिटली. हातोडी धरता येईल, घण नाही.

मी वाकून त्याच्या पायांवर डोके ठेवले. तो दचकून मागे सरला.

"अवो गुरुजी, पाप लागंल मला! घाई तुमची, पर पाणी म्याच वतलं की."

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येक कष्टाळू हात अभंग राहो, आणि काम पुरे करू पाहणाऱ्याला थांबवणारा शब्द तुमच्या ओठांवर कधी न येवो.