कासवावरची खुर्ची

खराडीत हल्ली फुकट कोण येतं हो? त्यामुळे आमचं जुनं लाकडी चर्च बघायला नारायण पेठेतले एक गृहस्थ येणार, कॉलेजात वास्तुकला शिकवतात, त्यांना चर्चचा नकाशा काढायचाय, असं पाळकसाहेबांनी हरखून सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं: कुठल्या बिल्डरचा माणूस? पाळकसाहेब नवे. त्यांना सगळं जग भलं वाटतं. "बाई, चर्चची माहिती तुमच्याइतकी कुणाला नाही, तुम्हीच दाखवा," म्हणाले. दाखवते की, म्हटलं. काय दाखवायचं नाही, तेही मलाच ठाऊक होतं.

आमच्या चर्चला मनोरा नाही. चारी बाजूंनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मधे हे आपलं बसकं, कौलारू. आजोबा सांगायचे, मिशनच्या साहेबाने विलायतेतल्या चर्चचं चित्र दाखवलं, पण गावच्या सुतारांनी तसलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. देवाचं घर म्हणजे देवळाचा सभामंडप, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी तोच बांधला. सागवानाचे खांब, खाली दगडी तळखडे, खांबाखांबांत महिरपी, त्यांना लोंबणारी कोरीव केळफुलं, वर फळ्यांची तक्तपोशी. लोखंडी खिळा शोधून सापडायचा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. आणि गवंड्याने दाराच्या आत, फरशीत, एक दगडी कासव बसवलं. साहेबाने विचारलं, हे काय? तर म्हणाला, "देवाचं घर हाय ना सायेब? मग कासव नको का?" साहेब हसला म्हणे, आणि कासव राहिलं.

सतरंजीखाली राहिलं, एवढंच. लहानपणी उपासना लांबली की आम्ही मुली सरकत सरकत तिथे जायचो आणि पायाच्या अंगठ्याने त्याची पाठ चाचपायचो. तेव्हा गंमत होती. आता भीती वाटते, सरळ सांगते. एक फोटो मोबाइलवर फिरला, की 'हे मुळात देऊळच होतं' म्हणत कोण दारात उभं राहील, सांगता येत नाही. आणि आमच्यातही काही अतिशहाणे आहेत. ते म्हणतील, मूर्ती ती मूर्तीच, फोडून टाका. रविवारी जमणारी आमची मोजकी घरं. हे चर्च गेलं तर आम्ही जायचं कुठे?

गृहस्थ आले. न सांगता चपला बाहेर काढल्या. माझा संशय आणखी वाढला. एवढी सभ्य माणसं कामाशिवाय येत नाहीत. मी आधीच प्लास्टिकची खुर्ची बरोब्बर कासवावर ठेवून ठाण मांडलं होतं.

"आपण दारातच बसलात?"

"गुडघे," मी म्हटलं. "बाजूने जा, जागा आहे."

ते टेप लावून मोजत राहिले. मधेच एका खांबावर तळवा ठेवून नुसतेच उभे राहिले. "हात लावल्याशिवाय मोजता येत नाही का?" मी विचारलं. त्यांनी माफी मागितली. जाताना मात्र हळूच म्हणाले, "बाई, इथे फरशीत काही कोरलेलं होतं का हो? अशा मंडपात बहुतेक असतं."

"नाही," मी म्हटलं. वेदीसमोर, धडधडीत खोटं!

त्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं. तिचा एक पाय अधांतरी होता. मग ते निघून गेले, आणि मी रात्रंदिवस कुणाचा तरी फोन येण्याची वाट बघत राहिले.

फोन आला नाही. काही दिवसांनी ते स्वतःच आले आणि पाळकसाहेबांच्या नि माझ्यासमोर टेबलावर नकाशा पसरला. मी चष्मा लावला. खुंटी अन् खुंटी होती. केळफुलांच्या पाकळ्यासुद्धा होत्या. आणि दाराच्या आत, कासवाच्या जागी, एक छोटीशी खुर्ची काढली होती.

"हा कॉलेजात राहील. कुणीही बघू शकेल," ते म्हणाले. "म्हणून तेवढं सोडलं. आपली काळजी कळली मला."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही, कुणाचा ते कळेना. उद्या रस्तारुंदीत चर्च गेलं तर मागे हाच कागद उरणार, आणि त्यात आमच्या गवंड्याचं कासव नाही, माझी प्लास्टिकची खुर्ची!

"ती खुर्ची खोडा," मी म्हटलं. "कासव काढा."

"कुठलं कासव?" पाळकसाहेब दचकले.

"नक्की ना, बाई?" गृहस्थांनी विचारलं.

"नक्की कसलं? तुमच्यावर अजून माझा काडीचा विश्वास नाही." मी उठले आणि सतरंजी बाजूला ओढली. "पण त्याचं तोंड वेदीकडे आहे. नीट काढा."