कोटाच्या आतला खिसा

मुलीनं व्हिएन्नाला बोलावलं तेव्हा तिनं पाठवलेल्या कोटाला मी आतून एक खिसा शिवला. बुऱ्हाणपूरला ब्लाऊज शिवूनच संसार केला; शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पण टाका पक्का. इथं पोचल्यावर पासपोर्ट त्या खिशात ठेवून खिशाचं तोंडही शिवून टाकलं. घरी ठेव म्हणून मुलगी रोज सांगायची. एवढ्या दूर आपली ओळख म्हणजे तेवढं एक पुस्तक, ते घरी कसं ठेवू?

पहिल्या रविवारी म्युझियमला गेलो. दारातच कोट, पिशव्या ठेवायला लावतात. मी म्हटलं, तू बघून ये, मी सामानापाशी बसते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तापीच्या घाटावर सगळे अंघोळीला उतरले, लग्नात सगळे पंगतीला गेले, की सामानापाशी मीच. मुलगी म्हणाली, इथं कुलूप असतं, कोणी बसत नाही. तरी मी बाकावरून हलले नाही. ती एकटीच गेली आणि अर्ध्या तासात परत आली. चित्रं कशी होती विचारलं, तर म्हणाली, "मोठी होती."

ऑपेराची तिकिटं मात्र तिनं मी यायच्या आधीच काढली होती, दुपारच्या खेळाची. चार वर्षं इथं राहून तिनं स्वतः एकदाही पाहिला नव्हता. तुझ्यासोबतच बघायचा म्हणून थांबले, म्हणाली. तिथंही कोट घेतले, नंबरचा बिल्ला दिला. या वेळी तिनं माझा दंडच धरून आत नेलं.

बापानं घराबाहेर काढलेली मुलगी परत येते, अशी गोष्ट. माझी मुलगी कानात सांगत होती. त्या मुलीचं काम करणारी बाई बिना माईकची गायची आणि आवाज पार छताला भिडायचा. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. पण मूठ बिल्ल्यावरच. खेळ संपून सगळे एकदम उठले तर गर्दीत कोट बदलेल, हेच डोक्यात. मी मुलीचा हात ओढला.

"मम्मी, पाच मिनिट. बस पाच मिनिट."

मी पुन्हा ओढला. आजूबाजूचे बघायला लागले तशी ती उठली.

कोट जसाच्या तसा मिळाला. बंद दारामागे ती बाई अजून गात होती. मुलगी एक बाही घालून दाराकडे तोंड करून उभी होती, टाळ्या सुरू होईपर्यंत.

ट्राममध्ये मी विचारलं, "बापानं दार उघडलं का ग?"

"माहीत नाही. मोबाईलवर असेल सगळी स्टोरी. मला नाही वाचायची."

रागावली नव्हती. ती माझ्यावर कधीच रागावली नाही. इथं रोज सकाळी हातात चहा देते, माझ्या पायात मोजे स्वतः चढवते. तेच जास्त लागतं.

गुरुवारी माझं विमान आहे. काल धीर करून म्हटलं, पुन्हा तिकिटं काढ, आता हलणार नाही.

"तो खेळ उतरला, मम्मी. दुसरा लागलाय."

"मग दुसरा बघू."

हो म्हणाली. कधी, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.