मामीची टाच

"अंग सोड की. कावून धरून ठिवलंय? कुनी चोरून न्हेनार हाय का?"

मामीचं हे बोलणं मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा पालथा पडून ऐकलं. तोंड पोत्यात, नाकात ज्वारीच्या कोंड्याचा वास आणि कमरेवर तिची उजवी टाच. त्या वेळी तिचा चेहरा कसा दिसायचा हे मला सांगता येणार नाही. तुम्हांलाही नसतं आलं. आमच्या गावातली निम्मी माणसं तिला आवाजावरून आणि टाचेवरून ओळखायची.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली असेल तर ती आधी काढून टाका. दोन्ही वेळचं दूध मोजायचं, फॅट काढायची आणि भरलेले कॅन टेम्पोत चढवायचे, हे सगळं एकटा मीच करायचो. त्या कॅननी माझी कंबर धरली. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, कमरेला पट्टा दिला. पट्ट्यानं आराम पडायचा, खोटं कशाला बोलू. पण पट्टा सुटला की दुखणं हजर. तो पट्टा आवळून मी पहिल्यांदा मामीच्या ओट्यावर गेलो, तेव्हा तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"बैलाचं जू मानंवर असतंय," ती म्हणाली. "तुझं कमरंला आलं व्हय?"

संस्थेच्या भिंतीला लागून तिचं घर. आमच्या चेअरमनची ती सख्खी मामी, म्हणून साऱ्या गावाची मामी. आणि मामी पायाळू होती. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं पाठीला पाय लावला की उसण निघते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणतात. त्या पाण्यानंच पुढे घात केला.

तिची रीत ठरलेली. पोत्यावर पालथं पाडायची आणि मुठीत ज्वारीचे दाणे द्यायची. "घट्ट धर," म्हणायची. मग आढ्याला बांधलेला दोर धरून एक पाय कमरेवर ठेवायची आणि नुसती उभी राहायची. दाबायची नाही. घरच्या चौकशा करायची, सुनेची कागाळी ऐकून घ्यायची, म्हैस कितवं वेत व्याली ते विचारायची. बोलता बोलता मूठ कधी सैल व्हायची ते आपल्याला कळायचंही नाही. दाणे सांडले की तिला समजायचं, आता यानं अंग सोडलं. त्याच घडीला टाच फिरायची. आत कुठेतरी कट्ट वाजायचं आणि ओट्याखाली ताटकळलेल्या कोंबड्या दाण्यांवर तुटून पडायच्या. चेअरमनच्या दुखण्यावर मात्र कोंबड्या उपाशी राहतात, असं गाव म्हणायचं. त्याची मूठ काही केल्या सुटायची नाही.

पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की तिच्या ओट्यावर बायांची रीघ लागायची. अख्खा हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या माना, वाकून वाकून धरलेल्या कमरा. मग दार लोटलेलं असायचं आणि आतून कधी कण्हणं, कधी खिदळणं ऐकू यायचं. मामी स्वतः तरुणपणी तोडीला जायची. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मामा गेले आणि मामीचा अर्धा कोयता घरी बसला. एखादीच्या पायाला मुंग्या येत असल्या, पाय बधिर पडत असला, तर ती हातही लावायची नाही. "हे माझ्या पायाचं काम न्हाई. हिला बीडला न्या," म्हणून मोकळी व्हायची. गावातल्या पुढाऱ्यांमध्ये असं न्हाई म्हणण्याची पद्धत नव्हती, म्हणून मला ते विशेष वाटायचं.

मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, आणि संस्थेतले कॅन पालथे पडले. सभासदांनी ठरवलं, संस्थेच्या गाठीला जे काही उरलंय ते घालून एक बोअर घ्यायचा. जागा कोणती, यावर मात्र एकमत होईना. तेव्हा चेअरमनला मामी आठवली.

संस्थेच्या ओट्यावर सगळे जमले. चेअरमननं नारळ मामीच्या हातात ठेवला.

"मामी, जरा शिवारात चालून या. नारळ जिथं उभा ऱ्हाईल तिथं मशीन लावतो."

"मला न्हाई त्यातलं कळत."

"पायाळू मान्साला कळतंय. साऱ्या दुनियेला ठाऊक हाय."

"कमरंला पाय लावनं येगळं, बाबा. पानी येगळं."

लोक कुजबुजू लागले. मामीला भाव चढला, असं एक जण जरा मोठ्यानंच म्हणाला. मामीनं नारळाकडे बघितलं. मी समोर होतो. नारळ घेऊन चालावं तर गावाचा पैसा बुडणार आणि खरं सांगावं तर आपला ओटा मोडणार, हे ती तोलत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं नारळ खाली ठेवला.

"मी पायाळू न्हाई," ती म्हणाली. "पायाळू माझी धाकटी भन व्हती. ल्हानपनीच गेली ती. त्या घरात पायाळू पोरगी हाय, एवडंच मदल्या मान्सानं तुमच्या आजीला सांगितलेलं. म्या नवी नवरी म्हनून आले, अन् तिसऱ्या दिशी सासूला उसन भरली. पाय लाव म्हनली. सासूला न्हाई कसं म्हनू? लावला. तिला बरं वाटलं. तवापासून मी पायाळू."

चेअरमन म्हणाला, "मग इतकी वर्सं, मामी?"

"इतकी वर्सं तुमीच आलात की रे. पाठीचं काय, बरं वाटलं तर वाटलं, न्हाई तर न्हाई. पर तुमी गावाचं शेवटचं हाय ते घालून भोक पाडनार. माझ्या नावानं नका पाडू."

नंतर जमिनीतलं पाणी दाखवणारा दुसरा एक पाणाड्या आणला. बोअरमधून फुफाटा निघाला. पण मामीनं आपल्याला वाचवायला बघितलं, असं कुणाच्या मनात आलं नाही. तिनं फसवलं, एवढंच गावाच्या लक्षात राहिलं. ओटा ओस पडला. दोर आढ्याला तसाच, पोतं घडी घालून कोपऱ्यात. संस्थेत मला काम उरलं नव्हतं, तिला उरलं नव्हतं. भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं माश्या मारत बसायचो.

एक दिवस मीच गेलो आणि पोतं अंथरलं.

"मी पायाळू न्हाई, सेक्रेटरी."

"ऐकलंय मी."

"मंग कावून आलास?"

"दुखतंय."

तिनं माझ्या मुठीत खडे दिले. दाणे द्यायला ज्वारी नव्हती आणि टिपायला कोंबड्याही उरल्या नव्हत्या. माझ्या मुठीतले खडे सांडले, पण टाच फिरली नाही. ती तशीच उभी होती. मग पाय उचलून खाली बसली.

"पाय धजत न्हाई आता," ती म्हणाली.

इतकी वर्षं त्या टाचेनं मला घाबरवलं होतं. त्या दिवशी ती फिरली नाही, याचंच मला रडू आलं.

दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या. मामीचे लेक-जावई तोडीला जाणार होते आणि नातवंडं सांभाळायला मामीही त्यांच्याबरोबर निघाली. ट्रक वेशीपाशी उभा होता. भांडी, सरपण, शेळ्या चढत होत्या. एवढ्यात पत्र्याची पेटी उचलताना कोपऱ्यावरच्या घरची सून जागच्या जागी बसली. तिला सरळही होता येईना, हलताही येईना. ती गेली नसती तर नवऱ्याचा कोयता मोडला असता. आगाऊ पैसे देऊन बसलेल्या टोळीच्या मुकादमाचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या नजरा मामीकडे. तोंड उघडायला मात्र कुणी तयार नाही. चेअरमनही त्यातच.

"मामी, या की," ती सूनच म्हणाली.

"मी पायाळू न्हाई गं. गावापुढं सांगितलंय."

"मला कुटं पानी काढायचंय? कंबर धरलीया."

मामी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. धुळीत पोतं अंथरलं. प्रवासाच्या पिठाकुटातली मूठभर ज्वारी कुणीतरी सुनेच्या हातात दिली. पण धरायला दोर नव्हता. मामीनं इकडे तिकडे पाहिलं.

"सेक्रेटरी, हात दे."

मी हात दिला. मग मला जे कळलं ते इतकी वर्षं पालथं पडून कळलं नव्हतं. मामी त्या पोरीच्या कमरेवर नुसती टेकली होती. तिचा सारा भार माझ्या हातावर होता. माझं मनगट भरून आलं.

"जड लागतंय का?" तिनं विचारलं. "माझी भन पाठीवर हुबी ऱ्हायची, तवा मी अशीच तिचा हात धरून खाली असायची. ती गेली अन् म्या दोर बांधला."

सुनेला तिनं माहेरचं काहीतरी विचारलं. दाणे धुळीत सांडले. टाच फिरली. सून थोड्या वेळानं उठली, दोनदा वाकून बघितलं आणि पेटी दुसऱ्याला उचलायला सांगून ट्रकमध्ये चढली. चेअरमननं खाली बघतच मामीला वर चढायला खांदा दिला.

"पाडव्याला या, मामी," तो म्हणाला.

"बगू. पाऊस तर पडू दे."

पाऊस पुढच्या वर्षी पडला. मामी आली नाही. टोळी परतली तेव्हा लेकीनं सांगितलं, की तिकडच्या तोडीच्या अड्ड्यावर थंडीतापाचं निमित्त झालं. शेवटपर्यंत बाया तिच्या पाचटाच्या कोपीत कमरा घेऊन यायच्या, असंही सांगितलं. कोपीच्या मेढीला तिनं दोर बांधला होता.

आता मी पुण्याला थोरल्याकडे असतो. कंबर सोबत आणली आहेच. मुलानं मणके मोकळे करणाऱ्या एका डॉक्टरकडे नेलं. हाताचंच काम, चांगला पोरगा आहे. तोंडासाठी भोक पाडलेल्या टेबलावर त्यानं मला पालथं पाडलं. पोत्याचा वास नव्हता, खाली फरशी दिसत होती. त्यानं कमरेवर तळवा ठेवला आणि थांबला. मला मामीची आठवण आली.

"काका, अंग सैल सोडा," तो म्हणाला. "आणि ही मूठ का आवळलीत?"

मी मूठ उघडली. तिच्यातून खाली काहीच सांडलं नाही.