वाळूच्या दोन पिशव्या

शिवरामदादा गेल्याची तार साताऱ्याला कचेरीत आली, त्याला महिना होत आला. तो माझा थोरला चुलतभाऊ, माधवनगरच्या गिरणीत माग चालवायचा. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. एक दिवस मागातून सुताचा लाकडी धोटा उडाला आणि त्याच डोळ्यावर बसला. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतलं भिंग जागचं सुटलंय. ते पुढं आलं तर डोळ्यातलं पाणी तुंबेल, ताण चढून काचबिंदू होईल. मान खाली घालायची नाही, आणि डोळा दुखला तर त्याच दिवशी यायचं. दादा हे हसत सांगायचा. "डोळ्यात गोटी घिऊन फिरतोय गड्या."

पुढं रहिमतपुरात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. आमचे वडील नव्हते, म्हणून वडीलकीला दादा उभा राहिला. नवऱ्या मुलाच्या आजोबांना त्यानं उभ्यानंच हात जोडले. मागून कुणीतरी टोमणा मारला, की मुलीकडच्यांची मान फारच ताठ दिसते. मी त्याच्या कानाशी लागलो.

"दादा, वाक की. एवढ्यानं काय हुतंय?"

"गोटी घरंगळंल रं," तो म्हणाला. पण माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वाकला.

संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. अर्धं डोकं धरून तो मांडवामागं पडून राहिला. ऊन लागलं असेल असं मी समजलो... खरं तर तशी समजूत करून घेतली. पाठवणी, पूजा, पाहुणे. सांगली गाठली तिसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी आधी औषधानं ताण उतरतो का पाहिलं, मग ऑपरेशन करून भिंग काढलं. दुखणं थांबलं. डोळ्यामागची नस मात्र तोवर मेली होती. पट्टी सुटल्यावर दादानं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "आता वाकलं तर चालंल न्हवं?"

ऑपरेशननंतर डोकं हलू नये म्हणून दवाखान्यात त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. घरी आल्यावर वहिनीनं तशाच दोन शिवल्या. सांभाळावं असं त्या डोळ्यात काही उरलं नव्हतं, तरी मरेपर्यंत तो त्यांच्यामध्येच उताणा निजला. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर...

परवा दादाच्या घरी गेलो होतो. खाट तशीच, पिशव्या तशाच, मध्ये डोक्याएवढी जागा.

"आवं भावजी," वहिनीनं विचारलं, "ही वाळू कुठं टाकू?"