प्रत्येक पाहुण्याला तीच सुरुवात

माझा जॅझ पियानोचा अल्बम दोनदा प्रकाशित झाला आणि दोन्ही वेळा मला कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढावासा वाटला.

पहिल्यांदा मुंबईच्या एका कंपनीने तो इंटरनेटवर आणला. कव्हरवर माझ्याऐवजी निजलेली मांजर आणि वर लिहिलेलं, शांत झोपेसाठी पियानो. मी घाम गाळून वाजवायचं आणि लोकांनी त्यावर घोरायचं! भांडून भांडून मी तो इंटरनेटवरून काढायला लावला.

मग नांदुऱ्याचे माझे काका म्हणाले, "आपल्या गावात प्रकाशन करू. पुरा अल्बम ऐकवू लोकायले."

पुरा! एवढंच तर मला हवं होतं.

मंगल कार्यालय भरलं. आधी अर्थातच सत्कार, आणि सत्काराला मागे संगीत लागतंच. साउंडवाल्याने माझाच अल्बम लावला. पाहुणा उठला, शाल पडली, नारळ हाती आला, टाळ्या, संगीत बंद. दुसरा पाहुणा उठला, की पुन्हा पहिल्यापासून! सरपंच, माजी सरपंच, माजी सरपंचांचे जावई. प्रत्येकाला माझ्या पहिल्या तुकड्याची तीच सुरुवात. मी खुर्चीत उकळत होतो. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "अल्बम सर्वांनी ऐकलाच आहे. आता भोजन."

मी साउंडवाल्यावर धावलो. "पुढचं काऊन नाही वाजवलं बे?"

"चिडून काऊन राह्यले भाऊ? नव्या पाहुण्याले पहिल्यापासून लावा लागते. लग्नात असंच करतो मी."

मी त्याला अल्बम पुरा लावायला लावला, कुणी आत शिरायच्या आधीच जेवणाच्या हॉलला बाहेरून कडी घातली, दारापुढे खुर्ची टाकली आणि ओरडलो, "अल्बम संपल्याशिवाय पंगत नाही!"

काय शिव्या पडल्या! दाराच्या फटीतून वांग्याच्या भाजीचा वास, इकडे माझा पियानो. माजी सरपंच शाल झटकत म्हणाले, "पुढच्या टायमाले जेवल्यावर कोंडजो बे!" मी हललो नाही. मग एकेक जण रागारागाने बसला. करणार काय?

शेवटचा सूर विरला. मी कडी काढली. सगळे आत धावले, काका तेवढे मागे राहिले.

"त्या मधातल्या तुकड्यात एकाएकी चूप होते ना, तवा मशीन बिघडली होती का तूच थांबला?"

"मीच थांबलो."

"हाव? मंग अजून जरासं थांबा लागत होतं," म्हणाले आणि पंगतीकडे पळाले.