चुकीचा भरलेला गॅस

अमळनेरात आमच्या एसीचं काम करणारा मेकॅनिक कमी बोलतो. गॅस भरताना काट्यावरच्या आकड्यावरून नजर हलवत नाही. यंदा एप्रिलमध्ये तो न बोलावताच दारात आला.

"भाऊ, मागल्या वर्षी सिलिंडर उभं ठेवून गॅस भरला मी. मिश्रणाचा गॅस सिलिंडर उलटं धरून द्रवरूपातच भरावा लागतो, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं, हे मला आत्ता कळलं."

"पण एसी चालतोय," मी म्हणालो.

"चालस, पण बरोबर नही शे," तो अहिराणीवर आला. "बठ्ठा काढीसन नवा भरना पडी."

दुपारभर तो गच्चीवर उन्हात बसला. जुना सगळा गॅस रिकाम्या टाकीत काढून घेतला, नवा वजन करून भरला.

"असे अजून किती एसी आहेत?" मी विचारलं.

त्याने बोटांवर मोजले. अकरा निघाले. मोटरसायकलला टाकी बांधून तो शेजारच्या गल्लीत वळला.