पेटत्या स्टोव्हचं झाकण

माझा स्वभाव मुळातच उतावळा. एका जागी बसायचं म्हटलं की अंगाला मुंग्या येतात. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं हिला खाली धाडलं. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो असा, की घराला आग लागली तरी आधी चष्मा पुसेल.

आग म्हटली की मला आमचं धुळ्याचं दुकान आठवतं. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आग्रा रोडजवळ आमचं स्टोव्हचं छोटं दुकान होतं. विक्रीही तिथंच, दुरुस्तीही तिथंच. यांनी अमळनेरच्या गिरणीतली नोकरी सोडून ते टाकलं होतं, कारण कापसाच्या फुफाट्यानं यांना असा खोकला जडला होता की बोलता बोलता वाक्य अर्धं राही. माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे दुकानच पसंत नव्हतं. "दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं गिरणीत परत," असं त्यांनी बजावलं होतं. मी रोज बोटांवर दिवाळीचे दिवस मोजायची.

दुकान चालेना, कारण बाया स्टोव्हला चळाचळा कापायच्या. पुरुष यायचे, पंप मारून बघायचे, वा वा करायचे, आणि "घरात म्हातारी नको म्हणते" म्हणून निघून जायचे. स्टोव्हबरोबर कंपनीचा एक गुळगुळीत कागद यायचा. धूर नाही, काजळी नाही, धोका नाही. मी तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. धोका नाही? डोंबल! घासलेट आणि हवा एका भांड्यात कोंडायची, वर जाळ करायचा, आणि म्हणायचं धोका नाही!

मी पाटावर बसून आमचा स्वतःचा कागद लिहिला. "हा स्टोव्ह चांगला आहे, पण याच्याशी दांडगाई केलीत तर हा तुमचं ऐकणार नाही," अशी सुरुवात केली. पंप किती मारावा, पिन कशी फिरवावी, विझवायचा तर हवेची चावी कशी सैल करावी. स्टोव्ह पेटलेला असताना घासलेट भरायचं झाकण उघडाल तर घासलेट भस्सकन उडून पेट घेईल. उघडूच नका. भडका झालाच तर पाणी ओतू नका, ओलं पोतं टाका.

आबा कडाडले, "आपल्याच मालाची बदनामी आपणच छापायची? कुठं पाहिलंय हे?"

"आबा, भीती त्यांच्या मनात आहेच," मी म्हटलं. "आपण नाही म्हटल्यानं ती जाते होय?"

यांनी चष्मा पुसला, कागद खिशात घातला आणि छापखान्यात गेले. गुलाबी पतंगी कागदावर छापून आणला, तोच तेवढा स्वस्त होता.

आता बायांपैकी वाचणाऱ्या कितीशा? म्हणून चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी स्टोव्ह काखोटीला मारूनच जायला लागले. चहा उकळायचा आणि कागद मोठ्यानं वाचायचा. सहाव्या गल्लीतल्या एका हळदीकुंकवात एक नवी सून अगदी पुढ्यात येऊन बसली होती. हडकुळी पोर, डोळे हे एवढाले. ओल्या पोत्याचं तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं. तिची सासू मागं भिंतीला टेकून कैरीची डाळ खात होती आणि शेजारणीला म्हणत होती, "हाई बठ्ठं वहूसनं काम शे. आपले काय करनं?" सगळं सुनांचं काम म्हणणाऱ्या त्यांना मी हसून सोडून दिलं.

हळूहळू बाया दुकानात यायला लागल्या. आधी नुसत्या विचारायला. मग दुसऱ्या दुकानातून घेतलेले स्टोव्ह घेऊन, त्यांनाही आम्ही सगळं सांगायचो. मग विकत घ्यायलाही आल्या. त्या पोरीच्या घरीही आमच्याकडचाच स्टोव्ह गेला. यांचा खोकला निम्म्यावर आला होता. मला वाटलं, चला, सुटलो.

आणि पावसाळा सरता सरता गावभर झालं, सहाव्या गल्लीत स्टोव्ह फुटला, सून भाजली!

त्याच घरात. आमचाच स्टोव्ह. दुपारपर्यंत दुकानाकडं कुणी फिरकेना. एक गृहस्थ आले, त्यांनी आपला स्टोव्ह आमच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आबा म्हणाले, "छापून टाक, तो स्टोव्ह आमचा नव्हेच."

"आमचाच आहे," हे म्हणाले. बस, एवढंच.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझं काय सांगायचं राहिलं? पंपाचं सांगितलं, चावीचं सांगितलं. माझं वाचणं ऐकून ती बिचारी विश्वासानं बसली असेल त्याच्यासमोर! उठत होते, बसत होते, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. शेवटी डोक्यावर पदर घेतला आणि तडक त्यांच्या घरी गेले.

पोर कोपऱ्यात पडली होती. उजव्या हाताला चुन्याची निवळी आणि खोबरेल लावलं होतं. आणि चुलीशेजारी स्टोव्ह! काळवंडलेला, पण सबंध. टाकीला साधा पोचाही नव्हता. सासू पाणी आणायला आत गेल्या तसं त्या पोरीनं घाईघाईनं सांगितलं. डाळ शिजत नव्हती, घासलेट संपत आलं होतं. सासूबाईंनी पेटत्या स्टोव्हचंच झाकण उघडून वरून घासलेट ओतलं. भडका उडाला. पोरीनं त्यांना मागं ओढलं, त्यात तिचा हात सापडला. तशाच हातानं तिनं ओलं पोतं टाकलं.

"पण ताई, कुठं बोलू नका. मला याच घरात दिवस काढायचेत."

सासू पाणी घेऊन आल्या. स्टोव्हवर झाकण नव्हतं. माझी नजर त्या उघड्या तोंडावर गेली, त्यांची माझ्यावर. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "अक्का, स्टोव्ह दुकानात पाठवा. साफ करून देऊ." त्यांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं तसे आबा उसळले. "मग छाप की! आता तर खरं तेच छापायचंय!"

माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू? चार ओळींत आमचं दुकान वाचलं असतं. पण त्या चार ओळी त्या पोरीच्या घरात कशा वाजल्या असत्या, ते मला दिसत होतं. जिनं माझं ऐकलं तिलाच मी तोंडघशी पाडायची?

"नाही छापणार," मी म्हटलं.

"मग यानं गिरणीत मरावं?"

मी रागानं ह्यांच्याकडं बघितलं, तुम्ही तरी बोला म्हणून. हे म्हणाले, "नाही छापायचं." आणि खोकले. त्या रागाच्या भरात मी तशीच पांझरेच्या काठापर्यंत चालत गेले आणि परत आले.

आबांनी गिरणीतल्या ओळखीच्या माणसाकडं निरोपही धाडला. बाजाराचा दिवस आला. नेहमीप्रमाणे मी पायरीवर स्टोव्ह मांडला, पेटवला, कागद हातात घेतला. ऐकायला कुणी नाही. रस्त्यावरून बाया जात होत्या आणि आमच्या पायरीला वळसा घालत होत्या. रडू येत होतं आणि कागद फाडावासा वाटत होता.

एवढ्यात गर्दीतून अक्का आल्या, त्या पोरीच्या सासू. डोक्यावर पदर, काखेत स्टोव्ह. काळवंडलेला, पितळेची सबंध टाकी उन्हात उघडी. सहाव्या गल्लीपासून भर बाजारातून तशाच चालत आल्या होत्या. मागं बघ्यांची रांग. कुणीतरी विचारलं, "फुटना व्हता ना वं हाऊ?"

"फुटना व्हता ते हाऊ काय शे मना काखमा?" त्या खेकसल्या.

त्यांनी स्टोव्ह माझ्यासमोर ठेवला आणि पायरीवर बसल्या. धाप लागली होती. आवाज मुद्दाम मोठा करून म्हणाल्या, "पेटेल स्टोमा घासलेट मी वती दिधं. वहूनी वाचाडं माले." सुनेनं वाचवलं, असं भर बाजारात सांगून झालं, मग खालच्या आवाजात, "त्या दिन मी ऐकं नही. आज वाची दाखाड."

मी कागद उघडला. बाया जवळ आल्या, काही पायरीवर टेकल्या. आत ह्यांनी चष्मा काढला होता आणि या खेपेला तो न पुसता नुसते ऐकत होते. झाकणाच्या ओळीपाशी आले आणि मी कागद खाली केला. एवढी बडबडी मी, पण ती ओळ अक्कांच्या तोंडावर वाचवेना.

अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाच ना. तेच ऐकनं शे माले."